परदेशी बालशिबिरे आणि मुलाखत

अमेरिकेतील उन्हाळी बालशिबिरांत परदेशी तरुणांनाही मार्गदर्शक म्हणून घेतात. वय किमान १८ वर्षे, मुदत फार तर ४ महिने. निवडीपूर्वी प्रत्यक्ष मुलाखत होते आणि शिक्षकांचे वा मालकांचे शिफारसपत्र लागते. पाहिले जाते ते एवढेच, की याच्या हाती मूल निर्धास्तपणे सोपवावे काय? गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या गावांच्या नव्या वसाहतींत ज्याने लहानग्यांना शिकविले, रडणाऱ्याची समजूत काढली, त्याने तेच सविस्तर सांगावे. पाठ केलेले इंग्रजी दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते. कंदमुळे वर्ज्य असल्याचेही नि:संकोच सांगावे. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची चिंता मात्र नको; जून-जुलैत तेथे सूर्य रात्री आठनंतर मावळतो. शिबिरात या मार्गदर्शकांना स्वयंपाकी म्हणून राबविण्यास मनाई आहे, हे पालकांनी ध्यानी ठेवावे.