वनातील विवाह आणि मर्यादा

आपल्या भिवंडीजवळच्या तुंगारेश्वर अभयारण्यात मोजक्या आप्तांसह विवाह करावा, असे काही तरुणांना वाटते. कर्ज काढून केलेल्या डामडौलापेक्षा ही इच्छा निश्चितच श्रेयस्कर आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमानुसार सप्तपदीतील सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो; त्यासाठी हजार पानांची पंगत लागत नाही. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घातले असून, वनास धोका पोहोचेल असा अग्नी पेटविण्यास मनाई आहे. म्हणून विवाहहोम गावातील देवळाच्या प्रांगणात करावा. वनात वधूवरांनी रीतसर परवानगीने, वाद्यांविना, केवळ वंदनासाठी जावे. देवराया राखणाऱ्या पूर्वजांचे आपण वंशज आहोत. वन हे यजमान. तेथे पाहुण्याने पाहुण्यासारखेच वागावे.