नमस्कार परत करण्याची रीत

(चिंचवड येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय तो 'अलोहा'चा. हवाई बेटांपर्यंत आपण जाणारच आहोत, पण निघायचंय आकुर्डीहून.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते. पहिला मुक्काम गावातच, इनामदारवाड्यात. दुसऱ्या दिवशी ती निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून आपल्या शहरात येते आणि रात्री आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात विसावते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. तेव्हा या वाटेवर शेतं होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्याच सुमारास मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले. वाट तीच राहिली.

आकुर्डीच्या त्या मुक्कामाला चपला शिवून देणारे कारागीर रस्त्याच्या कडेला बसतात. पैसे घेत नाहीत. एका वर्षी मी अशा एका कारागिराजवळ बराच वेळ उभा होतो. समोर साठीच्या आतबाहेरचे एक वारकरी, पायाला भेगा, हातात अंगठा तुटलेली वहाण. कारागिरानं आरी घातली, दोन टाके घेतले, दोरा दातानं तोडला आणि वहाण पुढे सरकवली. वारकरी वाकले आणि त्याच्या पाया पडले. हा चटकन उठला, हातातली आरी बाजूला ठेवली आणि त्यांच्या पाया पडला. "माऊली." "माऊली." मग पुढची वहाण.

वारीत हे इतकं रोजचं आहे की त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. पण मला इथे थोडं थांबायचंय. आपल्या घरात पाया पडतो तो धाकटा आणि आशीर्वाद देतो तो थोरला. वारीत पाया पडणाऱ्याच्या पाया पडावंच लागतं. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा दोघंही वाकतात. वय, जात, शिक्षण, पगार यांचा हिशेब त्या क्षणी कुणी मांडत नाही. नमस्कार परत करायचा, ही रीत.

आता हवाई, कारण तिथल्या एका शब्दातही मला हीच भावना दिसते. 'अलोहा' हा शब्द तिथे भेटताना म्हणतात, निरोप घेताना म्हणतात. प्रेम, माया, करुणा या सगळ्यांना तो पुरतो. न्यूझीलंडच्या माओरींचा 'अरोहा' आणि सामोआचा 'अलोफा' ही त्याचीच भावंडं. पिलाही पाकी नावाच्या हवाईयन विदुषींनी १९७० साली त्याचा अर्थ पाच गुणांत उलगडून सांगितला: हळुवार दयाळूपण, एकोपा, गोड वागणं, नम्रता आणि धीर. तो उलगडा १९८६ साली हवाई राज्याच्या कायद्यात दाखल झाला. त्या कलमात शिक्षेची तरतूद नाही. मात्र राज्यपाल, न्यायाधीश आणि अधिकारी यांनी जनतेच्या वतीनं सत्ता वापरताना या भावनेचं स्मरण ठेवावं, असं त्यात सुचवलेलं आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचं नाव कायद्यानं मुद्दाम घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या कायद्यामागे एक दुखरी बाजू आहे. १८९३ साली राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आलं. १८९६च्या कायद्यानं शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि १८९८ साली बेटं अमेरिकेला जोडली गेली. शाळेतून भाषा हद्दपार झाली आणि तिचा हा एक शब्द मात्र पर्यटकांच्या स्वागताला उभा राहिला. १९७८ साली हवाईयनला पुन्हा राजभाषेचा दर्जा मिळाला, १९८४मध्ये ती भाषा बोलणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या. ज्यांचा शब्द होता, त्यांची मुलं तो आता आपल्या भाषेतल्या पूर्ण वाक्यात बोलू लागली आहेत.

आपल्या या नमस्काराच्या रीतीमागचा इतिहासही निर्मळ नाही, आणि वारीवर माझं प्रेम आहे म्हणूनच हे बोललं पाहिजे. रस्त्यावर एकमेकांच्या पाया पडणाऱ्या याच समाजानं पंढरपूरच्या देवळाचं दार दलितांना बंद ठेवलं होतं. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी तिथे उपोषणाला बसले, तेव्हा ते उघडलं. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर, पायरीपाशीच आहे. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि एकाच दिंडीत जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. एका रीतीनं समाज बदलत नाही. पण ती रीत नसती तर साने गुरुजींनी कशाची आठवण करून दिली असती?

आता आपल्या पट्ट्याकडे या. इथे बहुतेक सगळे बाहेरून आलेले. आधी मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण इथून, आणि चाकणची वसाहत वाढली तशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. पालखीच्या दिवशी आपण अनोळखी माणसाला माऊली म्हणतो, त्याचे पाय चेपतो, पिठलं-भाकरी वाढतो. हे सगळं मनापासून असतं; मी वर्षानुवर्षं बघत आलोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर अड्ड्यावर उभा असलेला माणूस मात्र 'ए' होतो, 'भैय्या' होतो. कंत्राटी कामगाराचं नाव लाईनवर शेजारी उभ्या असलेल्याला ठाऊक नसतं. सोसायटीचा वॉचमन रोज उठून सलाम करतो आणि गाडी पुढे निघून जाते. तो नमस्कार कुणी परत करत नाही.

परत करायचा म्हणजे नुसती मान हलवायची का? त्या कारागिरानं वहाण आधी शिवली होती, मग तो वाकला होता. चूल पेटवणं, तांब्याभर पाणी देणं, रात्री निजायला ओसरी मोकळी करणं, हे सगळं त्या नमस्काराचंच अंग आहे. वारकऱ्याला आपण हे देतो, कारण तो दुसऱ्या दिवशी पुण्याकडे निघणार असतो. जो इथेच राहणार आहे, त्याच्यासाठी ते रोज करावं लागेल आणि त्याला खर्चही येईल.

अजून काही आठवड्यांनी पालखीच्या स्वागताच्या बैठका सुरू होतील. वर्गणी, मांडव, पाण्याचे टँकर, सगळं ठरेल. त्याच बैठकीत आणखी एक विषय घ्या, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या गेटवर बारा बारा तास उभा राहणाऱ्या माणसाला बसायला खुर्ची आहे का, वापरायला संडास आहे का, पावसाळ्यात डोक्यावर पत्रा आहे का? नसेल तर पालखी येण्याआधी ते करून घ्या आणि त्याचा खर्च त्याच वर्गणीतून करा.