लाल दिवा आणि बझर



मुक्कामी गाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. रात्री गावात येते, देवळापाशी किंवा शाळेच्या पटांगणाच्या कडेला उभी राहते, आणि झुंजुमुंजू झाले की दुधाच्या किटल्या, कॉलेजची मुले, तालुक्याला कचेरीच्या कामाला निघालेली मंडळी यांना घेऊन निघते. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. समोरच्या फळीवर लाल-पिवळे दिवे एकदम लागतात आणि एक कर्कश आवाज सुरू होतो. इंजिन चालू होते, दिवे एकेक करून विझतात. पण तो आवाज मात्र थांबत नाही. ड्रायव्हर नुसता बसून राहतो. दोन मिनिटे, चार मिनिटे. मग मागून कोणीतरी म्हणतेच, "अहो ड्रायव्हरसाहेब, काढा की गाडी! कशाची वाट बघताय?"

तो कशाची वाट बघत असतो, तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

भरलेली बस बारा-पंधरा टनांच्या घरात जाते. एवढे धूड थांबवण्याचे बळ माणसाच्या पायात कोठून यावे? म्हणून मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालवतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर, म्हणजे एक पंपच, हवा दाबून टाक्यांत भरत असतो. टाकी भरली म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेच्या सात-आठ पट होतो. ड्रायव्हरने पाय ठेवला की त्यातली थोडी हवा चाकांपाशी जाते आणि ब्रेक दाबते. पाय उचलला की ती 'फुस्स' करून बाहेर पडते. हा फुस्स आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तो ऐकला म्हणजे थोडी हवा खर्ची पडली असे समजावे. आता गाडी रात्रभर उभी राहिली, की सांध्यासांध्यांतून हवा हळूहळू झिरपते. पहाटे टाकीत पुरेसा दाब नसतो. तो ठराविक आकड्यावर चढेपर्यंत बझर बोलत राहतो. आकडा गाडीच्या बनावटीप्रमाणे कमीअधिक असतो, बोलणे एकच : हवा कमी आहे.

हे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. मला ते घाटात कळले.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या गाडीने मी घरी निघालो होतो. घाट उतरताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला की बझर क्षणभर किंचाळे आणि थांबे. पुढे तो थांबेनासा झाला. ड्रायव्हरने गाडी खालच्या गिअरात घेतली, डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा पाहून उभी केली, आणि कंडक्टरने खाली उतरून चाकांना दगड लावले. "गाडी पुढे जाणार नाही," एवढेच तो म्हणाला. मग काय विचारता! कोणाच्या घरी आजारी माणूस, कोणाची पुढची गाडी चुकणार. "चालत होती की चांगली!" "त्या भोंग्याची वायर काढा आणि चला!" या आवाजांत एक आवाज माझाही होता, हे आज सांगताना संकोच वाटतो. ड्रायव्हर माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "सर, खाली अजून सात वळणं आहेत. टाकीत हवाच नसली तर मी ब्रेक कशावर दाबू?" मला उत्तर सुचले नाही. हवेची एक नळी तडकली होती, हे मागाहून कळले. दुसरी गाडी यायला अडीच तास लागले. ज्यांनी आरडाओरडा केला ते सगळे आपापल्या घरी जेवायला पोचले.

आपल्यापैकी एखादा जाणकार म्हणेल, "अहो, आजकालच्या गाड्यांत हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो." खरे आहे. बहुतेक बसगाड्यांच्या मागच्या चाकांना जाड स्प्रिंगचा ब्रेक असतो. हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून धरते. हवा फार उतरली की स्प्रिंग सुटते आणि चाक आवळते. ही उलटी युक्ती मूळची आगगाडीची. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ साली हवेचा ब्रेक काढला, पण त्यात नळी तुटली की ब्रेकच नाहीसा होई. १८७२ मध्ये त्यांनी रचना फिरवली : नळीतली हवा गेली की ब्रेक लागलाच पाहिजे. मात्र घाटाच्या वळणावर मागची चाके एकाएकी आवळली गेली तर ती सुरक्षितता कोणाच्या उपयोगाची? आणि स्प्रिंग सुटण्याआधी असा एक टप्पा असतो, की पायाखालचा ब्रेक दुबळा झालेला आहे आणि स्प्रिंगने अजून चाक धरलेले नाही. म्हणून बझर त्याच्या आधी वाजतो. चांगली जागा पाहून थांबण्यापुरता अवधी तो ड्रायव्हरला देतो.

आता दिव्यांविषयी. लाल दिवा म्हणजे ताबडतोब थांबा. पिवळा म्हणजे लक्ष द्या, डेपोत दाखवा. हिरवे आणि निळे दिवे भीतीचे नव्हेत, वळणाचा इशारा किंवा पुढच्या दिव्याचा लांब झोत चालू असल्याचे ते सांगतात. २०२० नंतरच्या गाड्यांत धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे दिवेही आले, आणि फळी दिवाळीसारखी दिसू लागली. पण मला कुतूहल आहे ते न लागलेल्या दिव्याचे.

मी शिकवतो तर्कशास्त्र. तेलाचा दाब उतरला तर लाल दिवा लागतो. दिवा लागलेला नाही. म्हणून तेलाचा दाब ठीक आहे. अनुमान निर्दोष आहे, परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. कच्चे आहे ते पहिले विधान. दिवाच जळून गेलेला असला तर? तेल संपले तरी फळी काळीच राहणार, आणि इंजिन जाम होणार. यासाठीच किल्ली फिरवताच ते दिवे एकदा लागतात. ती सजावट नव्हे, हजेरी आहे. जो दिवा हजेरीला उठला नाही, त्याच्या मौनावर दिवसभर विश्वास ठेवता येत नाही. जाणता ड्रायव्हर इंजिन चालू करण्यापूर्वी क्षणभर थांबून ही हजेरी घेतो.

एका खाजगी गाडीत मी बझरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबलेला पाहिला आहे. विचारले तर उत्तर मिळाले, "पॅसेंजर कटकट करतात." मला राग आला, पण घाट आठवला आणि मी गप्प बसलो. तो बोळा काही एकट्या ड्रायव्हरने कोंबलेला नव्हता.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक खेळ सुचवतो. बॅटरीचा सेल, छोटा दिवा आणि पत्र्याच्या दोन पट्ट्या घेऊन वर्गाच्या दाराला अशी जोडणी करा, की दार उघडे राहिले की पट्ट्या एकमेकींना टेकून दिवा लागावा आणि दार लावले की तो विझावा. मुलांना दाराकडे पाठ करून बसवा, दिवा त्यांच्या समोर ठेवा. दोनचार वेळा दार उघडझाप करून त्यांचा विश्वास बसू द्या. मग हळूच दिव्याचा पेच सैल करा, दार सताड उघडे ठेवा आणि विचारा, "दार लागलेले आहे का?" सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणेल. मग त्यांना मागे वळून पाहू द्या. पुढची चर्चा मुलेच करतील.

आणि उद्या पहाटे आपण मुक्कामी गाडीत बसाल, तेव्हा ड्रायव्हरच्या समोरचा हवेचा काटा जरा डोकावून पाहा. इंजिन घुरघुरत असते, काटा सावकाश वर सरकत असतो, बाहेर कोणीतरी शेवटचा विडा लावत असतो. मग बझर एकाएकी बंद पडतो आणि गाडीत शांतता होते. कंडक्टर मागे एकदा नजर टाकतो, दार ओढून घेतो आणि दोरीला हात घालून दोन टोले देतो.