माझ्या पाठीकडे बघा

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सैन्यात तेहतीस वर्षं काढली, आणि आता महूला स्थायिक झालोय. फौजी माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना सीमेवरचे किस्से हवे असतात. आज मात्र मी तुम्हाला एका जपानी फुटबॉलपटूची गोष्ट सांगणार आहे. नेतृत्वाबद्दल मी जे वर्षानुवर्षं जवानांना शिकवलं, ते घरात पाळायला चुकलो. ती चूक मला या बाईमुळे कळली.

तिचं नाव होमारे सावा. जन्म १९७८ चा, टोकियोजवळच्या फुचू शहरातला. लहानपणी मुलांच्या संघात खेळायची. बाराव्या वर्षी ती जपानच्या महिला लीगमध्ये उतरली. डिसेंबर १९९३ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिनं देशाची जर्सी घातली आणि फिलिपिन्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात चार गोल केले.

वाटतं, आता सगळं सोपं. तसं झालं नाही. महिला फुटबॉलमध्ये तेव्हा ना पैसा होता, ना प्रेक्षक. २००० च्या ऑलिंपिकसाठी जपान पात्रसुद्धा ठरला नाही. सावा अमेरिकेत गेली, अटलांटाच्या संघाकडून खेळली, तर २००३ मध्ये ती लीगच बंद पडली. बिऱ्हाड उचलून परत मायदेशी. बदल्यांची सवय असलेल्या आम्हा लोकांना हे चांगलं समजतं.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपान चौथा आला. पदक थोडक्यात हुकलं. त्या स्पर्धेत सावानं आपल्या तरुण सहकाऱ्यांना एक गोष्ट सांगितली होती: फार जड जायला लागलं, की माझ्या पाठीकडे बघा. मंडळी, आमच्या अकादमीत नेतृत्वावर तासन्‌तास शिकवतात. त्या सगळ्याचा अर्क या एका वाक्यात आहे. पाठ कुणाची दिसते? जो पुढे असतो त्याची.

मग आलं २०११. ११ मार्चला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी. हजारो माणसं गेली, फुकुशिमाची अणुभट्टी बिघडली. चार महिन्यांत हा संघ जर्मनीत विश्वचषक खेळायला उतरला. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी यजमान जर्मनीला हरवलं. जादा वेळेतला तो एकमेव गोल करणारी मारुयामा पूर्वी फुकुशिमाच्याच वीज केंद्रात नोकरी करत होती.

१७ जुलैला फ्रँकफर्टमध्ये अंतिम सामना, समोर अमेरिका. जपान दोनदा मागे पडला. ११७ वं मिनिट, कॉर्नर किक, आणि सावानं पळत येऊन पायाच्या बाहेरच्या बाजूनं चेंडू जाळ्यात वळवला. दोन-दोन बरोबरी. पेनल्टींवर जपान ३-१ नं जिंकला. विश्वचषक जिंकणारा आशियातला पहिला संघ! स्पर्धेत सर्वाधिक पाच गोल सावाचे, सर्वोत्तम खेळाडूही तीच. पुढच्या जानेवारीत झ्युरिकला ती किमोनो नेसून गेली आणि जगातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा मान घेऊन आली.

पण मला भावली ती २०१५ ची सावा. वय छत्तीस. त्याआधी जवळजवळ वर्षभर तिला राष्ट्रीय संघात घेतलंच नव्हतं. कॅनडातल्या विश्वचषकाला ती गेली, ती बहुतेक राखीव बाकावर बसायला. हा तिचा सहावा विश्वचषक. तोवर इतके विश्वचषक खेळलेले खेळाडू जगात दोनच होते, ती आणि ब्राझीलची फॉर्मिगा.

आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. माझी मुलगी सुट्टीला आली होती, तिनंच मला उठवलं. सोळाव्या मिनिटाला अमेरिका चार-शून्य पुढे. मी म्हणालो, "संपलं गं. झोप आता." ती म्हणाली, "थांबा ना बाबा. सावा येईल."

तेहतिसाव्या मिनिटाला सावा आली. जपाननं तोवर एक गोल फेडला होता. तरी हरणाऱ्या सामन्यात, वर्षभर बाजूला ठेवलेली ही बाई अशी धावत आली, जणू आत्ताच सुरुवात झालीये. सामना पाच-दोन हरले. ती शेवटच्या शिट्टीपर्यंत धावली.

मी मुलीला विचारलं, "तुला हिच्याबद्दल एवढं कसं माहीत?" ती सहज म्हणाली, "शाळेत असताना मी तिचाच दहा नंबर घालायचे. तुम्हाला कधी दिसला नाही."

मंडळी, माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना युनिटच्या मैदानावर जवानांच्या पोरांबरोबर खेळायची. राज्याच्या निवड शिबिराला तिला बोलावणं आलं होतं. मी म्हणालो, आधी दहावी. तिनं वाद घातला नाही. फौजीच्या घरात वाद घालत नाहीत. बूट कपाटात गेले, पुढच्या बदलीत कुठे हरवले ते कळलंही नाही. ती राज्याकडून खेळली असती की नाही, मी सांगू शकत नाही. पण ते ठरवायचा हक्क मैदानाचा होता. मी तो मैदानापर्यंत पोचूच दिला नाही. त्या पहाटे मी तिला "चुकलं माझं" म्हणालो. तिनं चहा ठेवला.

सावानं डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. देशासाठी २०५ सामने, ८३ गोल. २७ डिसेंबरला एम्प्रेस चषकाचा अंतिम सामना तिचा शेवटचा. शून्य-शून्य चाललेल्या त्या सामन्यात एकमेव गोल तिनंच केला, तोही कॉर्नरवरून, डोक्यानं.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता रोज संध्याकाळी आमच्या भागातल्या मुलींना मैदानावर घेऊन जातो. मला फुटबॉल शिकवता येत नाही. मी पाणी भरतो, चेंडू आणून देतो आणि एखादीचे वडील "परीक्षा आहे" म्हणत आले, तर त्यांना बाजूला घेऊन माझी गोष्ट सांगतो. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत.

तुमच्या घरात कुणाचे बूट कपाटात असतील, तर आज बाहेर काढा. एवढंच सांगायचं होतं. जय हिंद.