उभं राहता येत नसेल तर?

स्तनांची एक्स-रे तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, बहुतेक वेळा उभ्यानं करतात. मग व्हीलचेअरवरच्या बाईनं परत फिरायचं का? मुळीच नाही. बऱ्याच यंत्रांचा भाग खाली सरकतो, खुर्चीचे हात निघत असतील तर काम आणखी सोपं. फक्त वेळ ठरवतानाच तसं सांगा.

ऐकू न येणाऱ्या बाईची अडचण वेगळीच. तंत्रज्ञ काचेआडून म्हणते, "श्वास रोखा." ते कळणार कसं? खूण आधीच ठरवून घ्यावी.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीनंतर हातानं तपासणी होते. तिथं अडतं ते उंच टेबलापाशी! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य मिळायला हवं. तेव्हा पायरीवजा स्टूल, आधाराला माणूस, बिनधास्त मागा.