टायर मोठा टाकण्याआधी टेप हातात घ्या

आपल्यातल्या काही बचत गटांनी कर्ज काढून मालवाहू टेम्पो घेतलेत. पावसाळा तोंडावर आला, टायर झिजले, की सल्ला मिळतो, ‘ताई, एक नंबर मोठा टाका, गाडी उंच होईल, चिखलात रुतणार नाही.’ आम्हालाही यंदा तो मिळाला. पैसे मोजण्याआधी आम्ही टेप घेऊन गाडीजवळ बसलो.

टायरच्या अंगावर आकडे असतात. आमच्या टायरवर १६५/८० आर १४ असं आहे. १६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ म्हणजे रिंगचा व्यास, इंचात. हिशोब केला तर अख्खं चाक ६२ सेंटिमीटर भरतं. सुचवलेला १८५/८० आर १४ भरतो ६५ सेंटिमीटर. फरक तीन सेंटिमीटरचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी. जेमतेम दीड सेंटिमीटर!

टायर रुंदीलाही दोन सेंटिमीटर वाढतो, एक आत, एक बाहेर. आत स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेकची नळी, बाहेर मडगार्ड. रिकामी गाडी सरळ उभी असते तेव्हा काहीच घासत नाही. माल भरला की पाटे दबतात, त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर टेकतो. घासून टायर चिरतो. ब्रेकची नळी कापली गेली तर उतारावर गाडी थांबणार कशी?

म्हणून टायर कोणताही बदला, तपासणी अशी करा. नेहमीचा माल भरून गाडी सपाट जागी उभी करा. स्टिअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे शेवटपर्यंत वळवा आणि प्रत्येक वेळी चारही बाजूंनी किमान एक बोट तरी सहज फिरतं का बघा. इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढलेला हवा. मग मडगार्डच्या आत खडूचे पट्टे ओढा, सावकाश खड्ड्यातून गाडी न्या. खडू पुसला गेला असेल तर तिथे टायर घासतोय. अशा वेळी मडगार्ड कापायचं नाही, चाकामागे चकत्याही घालायच्या नाहीत. टायर परत करायचा.

आणखी तीन गोष्टी. चाक मोठं झालं की चढावर ओढ कमी पडते. काटा ४० दाखवतो, तेव्हा गाडी ४२ ने पळत असते. आणि मोठ्या टायरने गाडीची माल वाहायची मर्यादा वाढत नाही.

कायदाही लक्षात असू द्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करू देत नाही. उद्या अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं, आणि कर्जाच्या कागदावर सह्या आपल्या आहेत.

आम्ही त्याच मापाचे, पण खोल नक्षीचे टायर घेतले. चिखलात पकड देते ती नक्षी. हवा गाडीच्या पुस्तकात लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना भरतो.

पुढच्या बैठकीत ड्रायव्हरदादांना सोबत घ्या आणि आपल्या टायरचे आकडे वहीत उतरवा. गाडी गटाची आहे, तिचं माप गटाला ठाऊक हवं.