जुन्या संगणकाला नवी नोकरी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



कार्यालयातला जुना संगणक भंगारात द्यायचा विषय पुढच्या सभेत येणार आहे. माझं म्हणणं, जरा थांबा. निवृत्ताच्या हातूनही काम होतं, हे मी स्वतःवरून सांगतो. त्याला राउटर करू या.

राउटर म्हणजे दोन जाळ्यांच्या मधे बसून निरोप पोचवणारं यंत्र. त्यासाठी संगणकाला दोन नेटवर्क कार्डं लागतात. एकाला बाहेरून आलेली इंटरनेटची वायर, दुसऱ्याला आपला स्विच. आपल्या जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या चौदा गावांसारखंच म्हणा ना, महाराष्ट्र आणि तेलंगणा, दोन्हीकडची कार्डं घरात! त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायची आणि एका कार्डावरचं दुसऱ्याकडे पाठवायची परवानगी द्यायची.

पुढचं काम बँकेतल्या आवक-जावक नोंदवहीसारखं आहे. बाहेर आपला पत्ता एकच असतो. आत प्रत्येक यंत्राला 192.168 ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो. कोणत्या टेबलावरून पत्र गेलं याची राउटर नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की त्याच टेबलावर देतो. नोंद नसलेलं, न मागवलेलं पत्र दारातूनच परत.

काही जण म्हणतील, नुसता ब्रिज केला तर? ब्रिज दोन्ही बाजू जोडून एकच जाळं करतो. सोपं आहे, पण मग सगळे एकाच खोलीत. आणि मला नेमकं तेच नको आहे.

आपल्या कार्यालयात सभासदांची नोंदवही, फोन नंबर, देखभाल खर्चाचे हिशेब आहेत. वाचनखोलीत मुलांचे, पाहुण्यांचे मोबाईल त्याच वायफायवर चालतात. एखाद्या मोबाईलमध्ये गडबड शिरली तर ती हिशेबापर्यंत पोचू शकते. बँकेत कॅशियरच्या पिंजऱ्याला दार असतं, ते ग्राहकांवर अविश्वास म्हणून नव्हे. तिसरं कार्ड बसवून वाचनखोली वेगळी करायची आणि तिकडून कार्यालयाकडे वाट बंद, असा नियम लिहायचा. जुना वायफायचा डबा फेकायचा नाही. त्यातली पत्ते वाटायची सोय बंद करून तो वाचनखोलीच्या कार्डाला जोडायचा.

आता खर्च. मी बँकवाला, हिशेबाशिवाय कसा सोडेन? जुना संगणक 60 वॅट खातो असं धरा. चोवीस तास चालला तर दिवसाला 1.44 युनिट, महिन्याला 43. दहा वॅटचा छोटा डबा महिन्याला 7 युनिटच घेतो. म्हणून ज्याला घरी फक्त इंटरनेट हवं, त्याने डबाच घ्यावा. आपल्याला वेगळेपण हवंय, म्हणून हा खटाटोप. डोंगरावर वीज जाते. यूपीएस ठेवावा आणि वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल अशी सोय करावी.

एक सूचना. ही जोडणी कार्यालय आणि वाचनखोलीपुरतीच. एक कनेक्शन घेऊन घरोघरी विकणं कंपन्यांच्या अटींत सहसा बसत नाही.

नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून जीवन प्रमाणमुळे तो ऑनलाइन देता येतो. आमचे अंगठे आणि आधार ज्या जाळ्यावरून जातात, त्याच्या दाराला कडी असावी, एवढीच विनंती. पासवर्ड मात्र एकाच्या डोक्यात नको. बंद पाकिटात, सचिवांच्या कपाटात ठेवा. तरुण मंडळींपैकी दोघांनी पुढे यावं, मी सोबत बसेन.